अंगातले विष आणि अंगाची झाडलोट



खरिपाची पिके उभी राहिली की गावोगावी पाठीवरचे पंप बाहेर निघतात आणि त्यांच्याबरोबर एक ठरलेला प्रश्नही येतो. "साहेब, दिवसभर औषध मारलंय. अंगातलं विष निघून जायला काय घ्यावं?" प्रश्न विचारणाऱ्याच्या शेजारीच उत्तर देणारेही बसलेले असतात. एकजण तांब्याभर दूध सांगतो, दुसरा गुळाचा खडा, तिसरा वाटीभर तूप. एखादा महाभाग घोटभर दारू सांगून मोकळा होतो. आता तर आठवडी बाजारात 'शरीरशुद्धी'ची चूर्णे आणि काढेही मिळू लागले आहेत. डबीवर लिहिलेले असते की रक्त, यकृत, आतडी सगळे आठ दिवसांत स्वच्छ.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसे दगावली आणि शेकडो जणांना दवाखान्यात ठेवावे लागले. त्यात शेतमालक होते आणि रोजाने फवारायला गेलेले मजूरही होते. तेव्हा अंगात गेलेल्या विषाचे शरीर काय करते, त्याला आपण मदत कशी करायची आणि कोणती 'मदत' उलट घातक ठरते, हे घरातल्या लहानथोरांनी नीट समजून घेतले पाहिजे.

एक गोष्ट प्रथमच सांगतो. आपल्या बोलण्यात फवारणीच्या द्रवाला 'औषध' म्हणतात. ते पिकाचे औषध असेल, माणसाला ते विष आहे. निदान घरात बोलताना तरी त्याला विष म्हणायची सवय लावा. पोरेबाळे त्यापासून चार हात लांब राहतील आणि वेळ आलीच तर डॉक्टरांचाही गोंधळ होणार नाही.

अंगातले दोन कामगार

शरीराची झाडलोट करणारे दोन मोठे कामगार आपल्या पोटातच आहेत. पहिले यकृत. बकऱ्याची कलेजी सर्वांनी पाहिली आहे, तेच आपले यकृत. उजव्या बरगड्यांच्या खाली असते आणि वजनाने साधारण सव्वा ते दीड किलो भरते. दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त त्यातून जाते. दुसरा कामगार म्हणजे मूत्रपिंडांची जोडी. ही दोन पिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. १५ लिटरचे १२ पंप झाले! त्यातले बहुतेक सगळे पाणी ती परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर घाण पाणी लघवीवाटे बाहेर टाकतात.

या दोघांची कामाची वाटणी पाहण्यासारखी आहे. हाताला इंजिनाचे तेल लागले तर नुसत्या पाण्याने ते जात नाही. साबण लावला की तेल सुटते आणि पाण्याबरोबर वाहून जाते. कीटकनाशके बहुतेक तेलात विरघळणारी असतात. मूत्रपिंडाजवळ फक्त पाणी आहे, साबण नाही. तो साबण लावण्याचे काम यकृत करते. आधी ते विषाचा कण फोडते, मग त्याला पाण्यात विरघळणारा दुसरा पदार्थ जोडते. असा तयार झालेला माल लघवीतून किंवा पित्तावाटे शौचातून निघून जातो. काही थोडा भाग श्वासातून आणि घामातून जातो, पण खरा भार या दोन कामगारांवरच.

हे काम रात्रंदिवस चालू असते. त्यासाठी कोणतीही डबी विकत आणावी लागत नाही. परंतु या कामाला मर्यादा आहेत, आणि त्या मर्यादा ओळखणे हाच आजच्या लेखाचा गाभा आहे.

सगळी विषे सारखी नाहीत

मॅलाथिऑनचे उदाहरण घ्या. माणसाच्या व जनावराच्या अंगात त्याचे तुकडे करणारा घटक भरपूर असतो, किडीच्या अंगात तो कमी असतो. म्हणून त्याच्या वर्गातल्या इतर विषांच्या मानाने मॅलाथिऑन माणसाला कमी घातक. याउलट क्लोरपायरीफॉससारखी काही विषे यकृतात गेल्यावर पहिल्या फोडणीतच अधिक जहाल होतात आणि त्यानंतर हळूहळू निकामी होतात. म्हणून शेतात माणूस धडधाकट दिसतो, जेवतो आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर त्रास सुरू होतो. कातडीतून गेलेल्या विषाची लक्षणे काही तासांनी दिसू शकतात, हे ध्यानात ठेवा.

डीडीटीसारखी जुनी विषे तर यकृतालाही नीट फोडता येत नव्हती. ती चरबीत जाऊन बसत आणि वर्षानुवर्षे तेथेच राहत. शेतीतला त्याचा वापर १९८९ साली बंद करण्यात आला, त्याचे हे एक मोठे कारण. आणि पॅराक्वाट हे तणनाशक तर असे आहे की ते पोटात गेले तर त्यावर खात्रीचा उतारा आजही नाही. ते फुप्फुसात साठते आणि फुप्फुसे निकामी करते. अशा विषापुढे काढा, दूध, ताक यांची काय कथा?

थेंबे थेंबे तळे साचे

शेतकऱ्याच्या घरी सर्वांत जास्त येणारा विषाचा वर्ग म्हणजे ऑर्गनोफॉस्फेट. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ही त्यातली माहितीची नावे. हे विष नेमके काय करते ते पाहा.

आपण पाटाने पाणी देतो तेव्हा दारे धरायला एक माणूस असतो. वाफा भरला की तो खोऱ्याने माती ओढून दारे बंद करतो आणि पाणी पुढे नेतो. आपल्या नसा स्नायूंना निरोप देतात तेव्हा एक रस सोडतात. निरोप पोचला की तो रस लगेच पुसून टाकणारा एक घटक तेथे हजर असतो. त्याला कोलिनेस्टरेज म्हणतात. हाच आपला दारे धरणारा माणूस. ऑर्गनोफॉस्फेट विष या माणसालाच बांधून ठेवते. मग वाफा भरला तरी पाणी चालूच. तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी येते, घाम फुटतो, छातीत कफ दाटतो, उलटी-जुलाब होतात, मांसपेशी फडफडतात आणि शेवटी श्वास घेणारे स्नायूच थकून थांबतात.

आता महत्त्वाची गोष्ट. यकृत आणि मूत्रपिंडे ते विष काही दिवसांत काढून टाकतील. पण बांधला गेलेला कोलिनेस्टरेज सहजासहजी सुटत नाही. तो शरीराला नवा तयार करावा लागतो आणि तांबड्या रक्तपेशींमधला हा घटक दिवसाला साधारण १ टक्का इतक्या धिम्या गतीने भरून येतो. म्हणजे बऱ्याच प्रमाणात खर्ची पडला तर पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात.

याचा अर्थ काय झाला? सोमवारी थोडे विष अंगात गेले, काही झाले नाही. मंगळवारी थोडे गेले, काही झाले नाही. बुधवारी, गुरुवारी तेच. शनिवारी तेवढेच विष गेले आणि माणूस बांधावर कोसळला. लोक म्हणतात, "रोज फवारत होता, आजच काय झालं?" आज काही निराळे झाले नाही. पाच दिवसांत पुंजी संपत आली होती, ती सहाव्या दिवशी संपली. रोजाने फवारणी करणारा मजूर आज या शेतात तर उद्या त्या शेतात जातो. त्याला सर्वांत जास्त धोका का, हे यावरून समजेल. म्हणून एकाच माणसाला ओळीने रोज फवारायला लावू नका. घरचे दोघे-तिघे असतील तर पाळी लावा, मध्ये इतर कामाचे दिवस जाऊ द्या. रोजाने फवारणाऱ्यांनी हंगामात डॉक्टरांना सांगून रक्तातील कोलिनेस्टरेजची तपासणी करून घ्यावी. ज्याला एकदा बाधा झाली त्याने डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय त्या हंगामात पंपाला हात लावू नये. विष उतरायला शरीराला हवा असतो तो वेळ, आणि तो वेळ कोणत्याही चूर्णाने कमी होत नाही.

विष शिरते कोठून?

बहुतेकांना वाटते की विष तोंडातून किंवा नाकातून जाते. फवारणीत ते सर्वांत जास्त कातडीतून जाते. त्यातही सगळी कातडी सारखी नाही. कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागातून जेवढे शोषले जाते, त्याच्या कितीतरी पट कपाळातून व डोक्याच्या कातडीतून जाते आणि सर्वांत जास्त जांघेतून जाते. पंप गळका असेल तर द्रव पाठीवरून ओघळत कमरेखाली उतरतो आणि नेमका नको तेथे मुरतो. उन्हाने घाम आला, कातडी ओली झाली की शोषण आणखी वाढते. यवतमाळला त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीला गेली होती. फवारा वर धरावा लागला आणि तुषार डोक्यावर, तोंडावर पडले.

आता विचार करा. विष शिरले पाठीच्या कातडीतून आणि आपण दूध ओततो पोटात. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! दूध पोषक आहे, रोज प्या, पण कातडीतून रक्तात गेलेल्या विषाशी त्याचा काही संबंध नाही.

तेव्हा शरीराच्या झाडलोटीला खरी मदत एकच, घाण कमी आत जाऊ देणे. तिचे नियम असे :

फवारणीआधी डब्यावरचा चौकोन पाहा. त्यात रंगाचा त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. तेच काम निळ्या किंवा हिरव्या त्रिकोणाच्या औषधाने होत असेल तर लालच्या वाटेला जाऊ नका. हिरवा आहे म्हणून मात्र हात धुवायचे टाळू नका. दोन-तीन औषधे आणि वर संजीवक असे एका पंपात कालवण करू नका. प्रत्येकाचा परिणाम निराळा असतो आणि बाधा झाली तर डॉक्टरांना उपचाराची दिशाही सापडत नाही.

उपाशीपोटी फवारायला जाऊ नका. भाकरी खाऊन, पाणी पिऊन जा. पंप आधी नुसते पाणी भरून तपासा. गळत असेल तर वायसर बदला. चार-आठ आण्यांच्या वस्तूसाठी जीव धोक्यात घालू नये, असे पूर्वी म्हणत. आज ते वायसर दहा-वीस रुपयांना पडत असेल, पण हिशेब तोच आहे.

पूर्ण बाह्यांचा सदरा, पूर्ण पाटलोण, डोक्याला टोपी, डोळ्यांना चष्मा, पाठीला मेणकापड किंवा प्लास्टिकचा तुकडा आणि हातात रबरी हातमोजे असावेत. कापडी मोजे चालत नाहीत. ते विष पिऊन कातडीला लावून ठेवतात. तोंडाला बांधलेला रुमाल ओला झाला तर तोही तसाच. तो लगेच बदला. पायात बूट असतील तर पाटलोण बुटाच्या बाहेर सोडा. आत खोचली तर ओघळ बुटात उतरतो.

मिश्रण करताना सर्वांत जास्त जपा, कारण त्या वेळी विष घट्ट असते. काठीने ढवळा, हाताने नव्हे. फवारणी सकाळी किंवा संध्याकाळी, वारा शांत असताना करा. वारा तुमच्याकडून पिकाकडे जात असला पाहिजे. नोझल चोंदले तर तोंडाने फुंकू नका, बारीक काडीने किंवा जुन्या दातांच्या ब्रशने साफ करा. आणि तंबाखू! मिश्रण कालवलेल्या हातावर चुना-तंबाखू मळून ती गालात धरणे म्हणजे विष मोजून तोंडात ठेवणे आहे. काम संपून हात साबणाने धुईपर्यंत तंबाखू, विडी, पान, चहा काही नको.

काम संपल्यावर घरात शिरण्याआधी कपडे उतरवा आणि साबण लावून, केसांसकट आंघोळ करा. नखे कापलेली ठेवा. या साध्या आंघोळीइतके अंगातले विष कमी करणारे 'शुद्धीचे औषध' दुसरे नाही, कारण कातडीवर राहिलेले विष रात्रभर आत मुरत राहते.

धुणे कोणाच्या हाती?

फवारणी करणारा आंघोळ करून जेवायला बसतो आणि त्याचे विषारी कपडे घरची माउली उघड्या हातांनी चोळत बसते. ती शेतात गेलेली नसते, पण विष तिच्याही अंगात जाते. पोटुशी असेल किंवा अंगावर पाजत असेल तर काळजी दुप्पट. म्हणून फवारणीचे कपडे वेगळे ठेवा, लेकरांच्या कपड्यांत मिसळू नका आणि ज्याने फवारले त्यानेच ते हातमोजे घालून, साबण लावून दोनदा धुवावेत. ते पाणी विहीर, ओढा किंवा गुरांच्या हौदाजवळ जाऊ देऊ नका. नुकत्याच फवारलेल्या रानात बायका-मुलांना खुरपणीला पाठवू नका. किती दिवस थांबायचे आणि भाजी किती दिवसांनी तोडायची हे डब्याबरोबरच्या पत्रकात दिलेले असते.

रिकाम्या डब्याविषयी एवढेच सांगतो. २०१३ च्या जुलैमध्ये बिहारमधल्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावी शाळेतले दुपारचे जेवण जेवून २३ मुले मेली. त्यांच्या जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले. डबा कितीही धुतला तरी तो घरात आणायचा नाही. तेल, रॉकेल, पाणी, बियाणे, काहीच त्यात ठेवायचे नाही. आणि उरलेले विष थंड पेयाच्या बाटलीत तर कधीच ओतून ठेवायचे नाही.

कणगीतले विष

विष फक्त डब्यातच असते असे नाही, कणगीतही असते. १९७४ साली राजस्थान आणि गुजरातच्या सरहद्दीवरील आदिवासी भागात काविळीची साथ आली. आधी लोकांना ती नेहमीची कावीळ वाटली. पण ३९७ माणसे आजारी पडली आणि १०६ मेली. गावातली कुत्रीही त्याच रोगाने मेली. तपास केल्यावर कळले की काढणीच्या वेळी पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका लोकांनी खाल्ला होता. त्या बुरशीचे विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, थेट यकृतावर घाव घालते. ज्याने झाडलोट करायची त्या कामगाराचेच हात तोडते.

म्हणून भुईमुगाच्या शेंगा, मका, ज्वारी कडक वाळवल्याशिवाय भरू नका. शेंग हलवली की आत दाणा खुळखुळला पाहिजे. बुरशीचे, काळे पडलेले, कडवट लागणारे दाणे निवडून टाका. ते गुरांनाही घालू नका, कारण ते विष दुधात उतरते. भाजले, शिजवले म्हणून ते जात नाही.

शुद्धीच्या नावाखाली

आता बाजारातल्या आणि घरच्या 'शुद्धी'कडे वळू. आषाढ-श्रावणात पोराटोरांना एरंडेल पाजून कोठा साफ करण्याची रीत अनेक घरांत आहे. जुलाबाने आतड्यातला मळ जातो, रक्तातले विष जात नाही. उलट पाणी आणि क्षार निघून जातात, मूत्रपिंडांना गाळायला पाणी कमी पडते. लहान मूल, म्हातारे माणूस किंवा गरोदर बाई असेल तर हे अंगलट येते. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय जुलाब नको.

दुधी भोपळ्याचा रस चांगला म्हणतात. पण कडू निघालेला दुधी विषारी असतो हे शेतकऱ्याला सांगायला नको. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू रस पिऊन मृत्यू झाला आणि त्यानंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञांनी कडू रस अजिबात पिऊ नये असे बजावले. आधी फोड चाखून पाहा. कडू असेल तर ती थुंका आणि भोपळा उकिरड्यावर टाका.

गुळवेल आपल्या बांधावरची वेल. करोनाच्या काळात घरोघर तिचे काढे झाले. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी असे काढे घेतलेल्या काही माणसांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाचे म्हणणे पडले की दिसायला सारखी पण वेगळी वेल वापरली गेली असावी. दोन्ही बाजूंतून शहाण्याने घ्यायचा बोध एकच : वैद्याला विचारल्याशिवाय महिनोन् महिने काढा पिऊ नये, आणि ज्याला आधीच यकृताचा आजार आहे त्याने तर मुळीच पिऊ नये. काही भस्मांतून आणि बिननावाच्या पुड्यांतून शिसे, पारा सापडल्याची उदाहरणे आहेत. शुद्धीसाठी घ्यायचे आणि शिसे पोटात जायचे, म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर. कावीळ झाल्यावर नाकात कडू रस सोडणे, माळ बांधणे हेही सोडा. कावीळ ही यकृताने दिलेली नोटीस आहे. रक्त तपासा, डॉक्टर गाठा.

मग मदत करायची तरी कशी?

पाणी : मूत्रपिंडांना गाळायला पाणी लागते. उन्हात काम करणाऱ्याने दिवसभर थोडे थोडे पाणी पीत राहावे. लघवी पिवळीजर्द आणि थोडी होत असेल तर पाणी कमी पडते आहे असे समजा. फार घाम गेला असेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते प्या. ज्यांना मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार आहे त्यांनी पाण्याचे व मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

आहार : यकृताला विष फोडायला जी सामग्री लागते ती डाळ, कडधान्य, दूध, अंडी यांतल्या प्रथिनांतून मिळते. भाकरीबरोबर नुसती चटणी खाऊन पोट भरते, पण यकृताची कोठी रिकामी राहते. घट्ट वरण, मोडाची मटकी, पालेभाजी, हंगामी फळ एवढे ताटात असू द्या. उपास करून शुद्धी होते ही समजूत फवारणीच्या दिवसांत तरी बाजूला ठेवा.

दारू : ज्या यकृताने विष फोडायचे त्यालाच दारू फोडायच्या कामाला जुंपायचे, हा शहाणपणा नव्हे. फवारणीच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि पुढेही दारू नको.

गोळ्या : अंग दुखते म्हणून दुकानातून दुखण्याच्या गोळ्या रोज आणून खाल्ल्या जातात. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्या उन्हात पाणी कमी पडलेल्या शरीरात मूत्रपिंडांना बाधतात. पॅरासिटामॉल जास्त झाले, त्यातून दारू असली, की यकृताला बाधते. रोज गोळी लागत असेल तर दुखणे दाखवा.

झोप : फवारणीचे काम झाले की शरीराला विसावा द्या. रात्री दारे धरायला आणि दिवसा पुन्हा पंप, असे एकाच माणसाने करू नये.

विषबाधा झालीच तर

डोके दुखणे, मळमळ, घाम, अशक्तपणा ही सुरुवात. घरचे म्हणतात, "ऊन लागलं, झोप जरा." येथेच घात होतो. फवारणी केलेला माणूस असे म्हणाला तर आधी विषच समजा. त्याच्या डोळ्यांची बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी बारीक झाली असेल, तोंडाला लाळ, छातीत घरघर, अंग फडफडत असेल, तर एक क्षणही दवडू नका. पण बाहुली बारीक दिसली नाही म्हणूनही थांबू नका. सर्व विषांची लक्षणे सारखी नसतात.

ही यादी कापून पंप ठेवता त्या भिंतीला लावा :

१. माणसाला शेतातून, वाऱ्यातून बाजूला न्या. स्वतः हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला घाला.

२. अंगावरचे कपडे काढा. साबण-पाण्याने अंग व केस धुवा. डोळ्यांत गेले असेल तर स्वच्छ पाण्याने १५ मिनिटे डोळे धुवा. मात्र धुण्यापायी दवाखाना लांबवू नका.

३. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या वाहनाने न्या. एकट्याला दुचाकीवरून पाठवू नका.

४. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवून निजवा, म्हणजे उलटी श्वासनळीत जाणार नाही.

५. घशात बोटे घालून उलटी काढू नका. मीठपाणी, दूध, तूप, तेल, दारू काहीही पाजू नका. बेशुद्ध माणसाला पाजलेले फुप्फुसात जाते. तूप-तेलाने काही विषे अधिक लवकर शोषली जातात.

६. विषाचा डबा किंवा त्यावरचे पत्रक सोबत न्या. ते पिशवीत घाला, पण न्याच. डॉक्टरांना सांगा : कोणते विष, किती वेळ, किती दिवस फवारले.

ऑर्गनोफॉस्फेटवर ॲट्रोपिनसारखी इंजेक्शने आहेत. वेळेवर मिळाली तर मरणाच्या दारातून माणूस परत येतो. पण ती घरी देता येत नाहीत, ती दवाखान्यातच. म्हणून वेळ हेच तेथे औषध. आणि एकदा बरे वाटले म्हणून डॉक्टरांचे न ऐकता घरी पळून येऊ नका. श्वासाचे स्नायू एक ते चार दिवसांनी पुन्हा ढिले पडू शकतात.

बंधू-भगिनींनो, विहिरीत घाण टाकत राहायचे आणि वरून तुरटी फिरवत बसायचे, असे कोणी शहाणा करत नाही. अंगाचेही तसेच. यकृत आणि मूत्रपिंडे आपले काम चोख करतात. त्यांच्यावर ओझे कमी टाका, पाणी आणि सकस अन्न द्या, विसावा द्या. या रविवारी घरातले सगळे मिळून एक काम करा. पंप काढून पाणी भरून पाहा, गळतो का ते बघा, हातमोजे आहेत का ते बघा, आणि विषाचे डबे कोठे ठेवले आहेत ते बघून कुलपात टाका. पीक पुढच्या वर्षी पुन्हा येईल. माणूस येत नाही.

पुढच्या अंकात : फवारणीची संख्या कमी करण्यासाठी कामगंध सापळे आणि निंबोळी अर्क कसे वापरावेत.